बोक्याचं पीयू ऑपरेशन झालं, आता घरी काय बघायचं?

नमस्कार. मांजराच्या आजारपणावर बोलायचं म्हणलं आणि एवढे लोक आले, लई बरं वाटलं, कारण आपल्याकडं जनावरांचा दवाखाना म्हणजे गाय, म्हैस, शेळी, आणि मांजर गेलं तर दुसरं येतंय की, असं अजूनही बऱ्याच घरांत बोलतात. तुम्ही तसं बोलणारे नाहीत म्हणून इथं बसलात. मी आज एकाच ऑपरेशनबद्दल बोलणार. बोक्याची लघवी परत परत तुंबायली, सलाईन झालं, नळी घालून झाली, तरी तेच, तेव्हा जे करतात ते. पेरिनियल युरेथ्रॉस्टॉमी, आम्ही पीयू म्हणतो. मांजरासाठी ही पद्धत 1971 साली विल्सन आणि हॅरिसन यांनी छापून मांडली आणि थोड्याफार फरकानं आजही तीच चालते.

बोक्याची मूत्रनळी आतल्या बाजूला दोन मिलिमीटरच्या आसपास असते आणि टोकाला येईस्तोवर एक मिलिमीटरच्याही खाली जाते. तिथं खर, बारीक खडे, चिकट घाण याचं बूच बसलं की काम थांबलं. ऑपरेशनमध्ये टोकाचा बारीक भाग काढून टाकतात आणि आतली रुंद नळी शेपटीखाली कातडीला शिवून नवं तोंड करतात. म्हणजे वाट मोठी झाली. पण मूत्राशयाला सूज कशानं आली, खडे का व्हायलेत, ते सगळं आत तसंच आहे बरं का. लोक बोक्याला घरी नेतात आणि झालं एकदाचं म्हणून सोडून देतात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिथंच वाटते.

पहिले दोन आठवडे म्हणजे कॉलर, कॉलर आणि कॉलर. टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी काढतात, तोवर गळ्यातला तो कोन काढायचा नाही. मला माहितीय तुमचा जीव तुटतो, तो भिंतीला धडकतो, मागं मागं सरकतो, रात्रभर ओरडतो, मग घरातलं कुणीतरी म्हणतं की जाऊ द्या, बिचाऱ्याला थोडा वेळ मोकळं करा. मांजराची जीभ काटेरी असते, पाच मिनिटं चाटलं तरी टाका सुटू शकतो, आणि टाका सुटून जखम भरताना आकसली की नवं तोंडच अरुंद होतं, त्याला आम्ही स्ट्रिक्चर म्हणतो. ते लगेच दिसत नाही, काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी धार बारीक व्हायली की कळतं, आणि मग परत टेबलावर. कॉलर घालून वाटीत तोंड जात नसेल तर वाटी उंचावर ठेवा, पसरट ताटली द्या, फारच झालं तर तुम्ही समोर बसून खाऊ घाला आणि खाणं झालं की लगेच परत चढवा.

बोका शी-शू करतो त्या ट्रेमध्ये वाळू नको. आपल्याकडं नदीची वाळू नाहीतर बांधकामाची उरलेली टाकतात, ती ओल्या जखमेला चिकटते. ट्रेमध्ये टाकायला विकत मिळतं ते मातीचं लिटरही नको. वर्तमानपत्र फाडून टाका. त्याचा दुसरा फायदा असा की ओला डाग किती मोठा, किती वेळा, रंग काय, हे स्वच्छ दिसतं. चार किलोच्या बोक्याला दिवसाला ढोबळमानानं 100 ते 200 मिली लघवी व्हायला पाहिजे. वहीत लिहा, घरातल्या पोरांना लावा कामाला, ते मन लावून करतात.

जखम पुसत बसू नका. खपली नखानं काढू नका, हळद लावू नका, डेटॉल लावू नका. भोवतीची कातडी लघवीनं लाल व्हायली तर डॉक्टरांना विचारून बाजूला पातळ व्हॅसलीन चालतं, लघवीच्या नव्या तोंडावर नाही. आणि दुखतंय म्हणून घरातली क्रोसिन, डोलो, कुठलीही पॅरासिटामॉलची गोळी द्यायची नाही. मांजराच्या लिव्हरला ती पचवता येत नाही, रक्त ऑक्सिजन वाहायचं बंद करतं, हिरड्या निळ्या-तपकिरी पडतात, 500 मिलिग्रॅमची एक गोळी जीव घेऊ शकते. हे मी प्रत्येक वेळी सांगतो आणि सांगत राहणार.

आता कधी पळायचं ते. पहिल्या काही दिवसांत लघवीत थोडं रक्त, गुलाबी थेंब, हे होतं. पण रक्त टपटप गळायलंय, किंवा मांडीच्या आतून, पोटाखालून कातडी फुगून जांभळी पडायली आणि बोका मलूल पडलाय, तर लघवी कातडीखाली झिरपत असू शकते, सकाळची वाट बघू नका. ट्रेमध्ये बसायलाय, उठायलाय, कुंथायलाय आणि कागद कोरडा, तर लगेच निघा. इथं एक घोळ हमखास होतो, लोकांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय, मग एरंडेल पाजतात आणि त्यात दिवस जातो. पोटाला हळूच हात लावला आणि खाली लिंबासारखं टणक लागलं तर ते भरलेलं मूत्राशय समजा. दाबू मात्र नका, फुटू शकतं. पूर्ण तुंबलं की 24 ते 48 तासांत अंगात विष चढायला लागतं, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय मंदावतं. आपल्या परभणीत आणि तिकडं उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तुमच्या गावाहून कोणतं जवळ, रात्री गाडी कुणाची मिळेल, हे ऑपरेशनच्या आधीच ठरवून ठेवा. आणि खाणं पूर्ण सोडून दोन दिवस झाले तरी फोन करा, उपाशी मांजराचं लिव्हर चरबीनं भरतं, जाड बोक्याचं तर जास्तच.

जखम भरल्यावरचा भाग जन्मभराचा. नळी आखूड आणि रुंद झाली म्हणजे बाहेरचे जंतू आत जायला सोपं झालं, म्हणून या बोक्यांना लघवीचं इन्फेक्शन जास्त होतं, अधूनमधून तपासणी आणि कल्चर, म्हणजे लघवीत कोणते जंतू वाढतात ते बघणं, करून घ्या. मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणून देऊ नका.

पाणी हाच मोठा उपाय. मांजराचे पूर्वज वाळवंटाकडचे, तहान कमी, लघवी घट्ट. त्यात आपला मे महिना, 42-43 डिग्री. कोरड्या दाण्यांत पाणी 10 टक्क्यांच्या आसपास असतं आणि ओल्या खाण्यात 75-80 टक्के, मग काय द्यायचं ते तुम्हीच बघा. दाणेच परवडत असतील तर भिजवून द्या. चिकन उकडलेलं पाणी द्या, पण कांदा, लसूण, मीठ न घालता, कांदा-लसूण मांजराला विष आहे. सुकट, खारा बोंबील बंद. बोअरच्या जड पाण्यानं खडे होतात का, असं बरेच जण विचारतात. पाणी कुठलं यापेक्षा पोटात किती जातंय ते बघा. युरिनरीचं खास खाणं लिहून दिलं असेल तर दुसरं काही मिसळू नका, त्यानं स्ट्रुव्हाइटचे खडे विरघळतात, ऑक्झलेटचे मात्र विरघळत नाहीत, म्हणून खडा तपासायला पाठवणं महत्त्वाचं.

आणि ताण. कित्येक बोक्यांत ना खडा सापडतो ना जंतू, नुसती मूत्राशयाला सूज, आणि ती घरातल्या गडबडीनं वाढते. पाहुणे, लग्नघर, नवीन मांजर, गल्लीतला दांडगा बोका खिडकीत येऊन बसणं. एक निवांत खोली द्या. जितकी मांजरं त्यापेक्षा एक ट्रे जास्त ठेवा.

हां, मागून मावशी विचारायल्यात, लवकर नसबंदी केली म्हणून नळी बारीक राहिली का? नाही मावशी. नळ्या मोजून बघितल्यात, लवकर केलेल्या आणि उशिरा केलेल्या बोक्यांत फरक निघाला नाही. नसबंदीनंतर वजन वाढतं, तेवढं सांभाळा.

आणि हे दादा म्हणतायत, ऑपरेशनला आठ दिवस झालेत, झोपेत थेंब थेंब गळतं. सुरुवातीला सूज असताना असं काहींना होतं आणि बऱ्याचदा थांबतं. पण मूत्राशय गच्च भरून वरून गळत असेल तर ती वेगळी गोष्ट, ते हातानं तपासल्याशिवाय कळत नाही. दादा, उद्या सकाळी त्याला दाखवायला न्या, आणि जाताना ट्रेमधल्या कागदाचा फोटो मोबाईलमध्ये घेऊन जा.