अंगठा पोचतो का?

(दृश्य: स्वयंपाकघराचा ओटा, वजनकाटा, काट्यावर काळी टेप गुंडाळलेली एक चपटी वस्तू)

हा काट्यावर ठेवलाय तो फोन नाहीये बरं का. आंबा बर्फीच्या खोक्याचा पुठ्ठा आहे, वरून काळी इन्सुलेशन टेप, आत दहाची नि पाचची नाणी, आणि नाण्यांनी हिशोब जमेना म्हणून मग थोडा साबुदाणा. काट्यावर १८८ आलं. ताईनं एका कडेची टेप उचकटली, चिमूटभर साबुदाणा काढला, परत चिकटवलं. १८६. "आता झाला," म्हणाली आणि तो पुठ्ठा कानाला लावून बघितला. आई मागून म्हणाली, "लागला का कोणाला?"

तर ही माझी ताई. सिव्हिल इंजिनियर आहे, पुनावळ्याच्या साइटवर असते, रोज सकाळी कर्वेनगरहून स्कूटरवर वारजे, मग हायवे, मग दिवसभर सिमेंट. तिला फोन घ्यायचाय. एवढीच गोष्ट आहे, पण आमच्या घरात ती दीड महिना चालली, म्हणून म्हटलं शूटच करून टाकू.

तिचा आत्ताचा फोन २०१९ चा. ५.८ इंच, १५० ग्रॅम, हेडफोनचं भोक आहे, मेमरी कार्ड जातं, बाजूच्या बटणावर बोट टेकवलं की उघडतो. बॅटरी मुळातच ३,१०० एमएएचची, आणि आता सहा वर्षांनी दुपारचा चहा येईपर्यंत फोन मान टाकतो. ताईला तरी तो सोडवत नाही. "असा परत बनवतच नाहीत रे कोणी," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मला झोपेत पण ऐकू येतं.

मी काय, मी ६.८ इंचवाला, २३० ग्रॅमच्या वरचा धोंडा घेऊन फिरतो, माझा पंजा मोठाय, मला खरंच कळायचं नाही लोकांना त्रास कसला होतो. मी म्हटलं मोठ्ठी बॅटरीवाला घे आणि विषय संपव. तर ताई म्हणे, "तू सोफ्यावर बसून फोन बघतोस. माझ्या एका हातात मोजायची टेप नाहीतर ड्रॉइंगची गुंडाळी असते, पायाखाली सळया, आणि कॉन्ट्रॅक्टरला त्याच वेळी फोटो हवा असतो."

(दृश्य: स्लॅबचं स्टील, त्यावरून तोल सावरत चालणारे सेफ्टी शूज)

आता इंचांबद्दल एक गोष्ट, जी मला पण ताईनंच समजावली, आणि मी स्वतःला फोनमधला तज्ज्ञ समजतो. आपण ६.१, ६.३, ६.८ असं जे घोकतो ते सगळं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप. हातात फोन बसतो की नाही ते ठरतं रुंदीवर. २०१६ चा आयफोन ७ प्लस ५.५ इंची होता आणि त्याची रुंदी होती ७७.९ मिलिमीटर. आयफोन १६ आहे ६.१ इंची, म्हणजे कागदावर मोठा, आणि रुंदी ७१.६. म्हणजे स्क्रीन 'वाढली' आणि फोन सहा मिलिमीटर अरुंद झाला, कारण मधल्या काळात वरची खालची जाड पट्टी गेली आणि स्क्रीन उभी लांबट झाली. लोक अजून इंच विचारतात. ताई दुकानदाराला रुंदी विचारते आणि दुकानदार बॉक्स उलटासुलटा करून बघतो, त्यावर ती छापलेलीच नसते.

खरं तर छोट्या फोनवाल्यांचं दुःख जुनं आहे. २०११ ला ५.३ इंची गॅलेक्सी नोट आला तेव्हा लोक हसले होते, म्हणे पाटी कानाला लावून बोलतोय, आणि आज ५.३ इंच मागितला तर दुकानात आपल्याकडे बघून हसतील. ॲपलनं २०२० आणि २०२१ ला ५.४ इंची मिनी काढून बघितला, २०२२ ला नवा मिनी नाहीच, त्याच्या जागी मोठा प्लस. ताईच्या ऑफिसात अजून एक जण १३ मिनी वापरतो, दोघं एकमेकांना भेटले की एसटीत गाववाला भेटल्यासारखं करतात.

आणि बिल्ड क्वालिटीचं भांडण तर आम्ही कॉलेजात असताना कट्ट्यावर घातलंय, २०१३ ची गोष्ट. एका बाजूला एचटीसी वन, अखंड ॲल्युमिनियमचा, हातात घेतला की गार लागायचा, १४३ ग्रॅम. दुसऱ्या बाजूला गॅलेक्सी एस ४, प्लास्टिकचा, १३० ग्रॅम, पण मागचं झाकण नखानं उघडायचं, बॅटरी काढायची, दुसरी घालायची. मी धातूच्या पार्टीत होतो, आणि प्लास्टिकवाल्यांना काय काय बोललोय ते इथे सांगण्यासारखं नाही. दोन वर्षांत सॅमसंगनं एस ६ काढला, काच आणि धातू, बॅटरी बंदिस्त, कार्ड गायब. म्हणजे भांडण आम्ही जिंकलो, आणि आज ताईची बॅटरी बदलायची म्हटली तर मागची काच हीट गननं सोडवावी लागते, अशी ती जीत.

(दृश्य: कर्वे रोड, संध्याकाळ, दुकानाचं काउंटर)

यादीत शेवटी तीन उरले. वनप्लस १३ एस आणि व्हिवो एक्स २०० एफई, दोघंही लाँचला ५४,९९९ ला, दोघंही ६.३ इंचांच्या आसपास, एक १८५ ग्रॅम आणि एक १८६. रुंदी ७१.७ आणि ७१.८. आयला जुळे भाऊ! तिसरा गॅलेक्सी एस २५, ६.२ इंच, १६२ ग्रॅम, रुंदी ७०.५, म्हणजे ताईच्या हाताला सगळ्यात जवळचा, पण लाँचची किंमत ८०,९९९. बाबांनी आकडा ऐकला आणि पेपर पुढे धरला.

दुकानात गेलो तर नेहमीचंच, डेमोचे फोन जाड वायरीनं टेबलाला बांधलेले, मागे तो प्लास्टिकचा गड्डा चिकटवलेला, उचलला की वायर ओढते, थोडा जास्त उचलला की ठ्यां ठ्यां अलार्म. वजन कसं कळणार? लाखाची वस्तू आपण अशी विकत घेतो, आणि मंडईत एक कलिंगड घेताना चार उचलून, वाजवून बघतो. तिथूनच पुठ्ठ्याचा विचार निघाला. ताई घरी आली, कंपन्यांच्या वेबसाइटवरून मापं काढली, कामावरचं व्हर्नियर आणलं, म्हणजे मिलिमीटरचाही भाग मोजणारी पट्टी, आणि दोन पुठ्ठे बनवले. एक १८६ चा, एक १६२ चा. वरच्या बाजूला व्हाइटनरनं ॲपच्या सहा ओळी पण काढल्या, आणि डाव्या वरच्या कोपऱ्यात मागे जायचा बाण.

आठवडाभर तिनं ते वागवले. साइटवर लोकांना वाटलं मॅडमला काहीतरी झालंय. जीन्सच्या खिशात घातला तर चार बोटं बाहेर, कारण बायकांच्या जीन्सचे खिसे हे शोभेलाच असतात, यावर एक वेगळा व्हिडिओ होईल. मेट्रोत एका हातानं वरचा दांडा पकडून दुसऱ्या हातानं पुठ्ठ्यावर अंगठा फिरवतीये, समोरची आजी टक लावून बघतीये. निकाल असा की मोठ्या पुठ्ठ्यावर अंगठा खालून तिसऱ्या ओळीपर्यंत आरामात जातो, छोट्यावर साडेतीन. वरच्या बाणापर्यंत दोन्हीवर पोचत नाही, पकड बदलावीच लागते. म्हणजे फरक किती, तर अर्ध्या ओळीचा. त्या अर्ध्या ओळीचे २६ हजार. आणि स्क्रीन अर्ध्यावर खाली ओढायची सोय सगळ्यांतच असते, ती वापरायला ताईला कमीपणा वाटायचा, तो आता जरा गेला.

वजनाचं मात्र मला आश्चर्य वाटलं. एस २५ मध्ये ४,००० एमएएच, एक्स २०० एफईमध्ये ६,५००, आणि वजनात फरक फक्त २४ ग्रॅमचा. याचं कारण बॅटरीच्या आत आहे. नेहमीच्या बॅटरीत लिथियम साठवायला ग्रॅफाइट असतं. सिलिकॉन त्याच जागेत कितीतरी जास्त लिथियम धरतं, पण चार्ज होताना कणकेसारखं फुगतं आणि नंतर आक्रसतं, असं रोज झालं की तडकतं. म्हणून ते कार्बनमध्ये मिसळून वापरतात, फुगायला जागा ठेवून. चायनीज कंपन्यांनी हे धडाधड आणलं, सॅमसंगनं एस २५ मध्ये आणलं नाही, पण ते सात वर्षं अपडेट देणार म्हणतात आणि वनप्लस, व्हिवो दोघंही त्याच्यापेक्षा कमी. आता सहा वर्षं एकच फोन वापरणाऱ्या बाईनं यातलं काय धरायचं? इथे ताई दोन दिवस अडली होती.

मग काच. "टायटॅनियम, अमुक काच, तमुक काच, काही पण असू दे, माझ्या खिशात वाळू असते," ताई म्हणाली, आणि ते शास्त्राला धरून आहे. फोनच्या काचेवर मोह्जच्या पट्टीत, म्हणजे कठीणपणाच्या एक ते दहाच्या मापात, सहाच्या कठीणपणाला ओरखडे उमटायला लागतात, सातला खोल जातात, आणि वाळूतलं क्वार्ट्झ असतं सात. पडून न फुटणारी काच करायची तर ओरखड्यांना जरा सूट द्यावी लागते, दोन्ही टोकं एकदम मिळत नाहीत. किल्ल्यांना लोक उगाच घाबरतात, किल्लीचं पितळ काचेपेक्षा मऊ. घाबरायचं ते खिशाच्या तळाशी बसलेल्या त्या दोन कणांना.

पाण्याचं पण थोडं बोलतो, कारण जून ते सप्टेंबर हायवेवर ही रेनकोटात असते. आयपी म्हणजे धूळ-पाणी किती सोसतो त्याचा आकडा. वनप्लसला आयपी ६५, बाकी दोघांना आयपी ६८, व्हिवोला वर ६९ पण. पहिला ६ म्हणजे धूळ आत जाणार नाही, तो तिघांना आहे. दुसरा ५ म्हणजे पाण्याची धार चालेल, बुडवायचा नाही. ८ म्हणजे मीटरपेक्षा खोल बुडवला तरी चालेल, किती वेळ ते कंपनी ठरवणार. ९ म्हणजे गरम पाण्याचा जोरदार फवारा, जो पुण्यात फक्त गाडी धुणाऱ्याकडे मिळतो. आणि हे सगळं नव्या फोनवर, साध्या पाण्यात तपासलेलं, वॉरंटीत पाणी सहसा धरतच नाहीत.

हां, स्कूटरच्या हँडलला फोन लावायचा नाही. ॲपलनंच २०२१ ला सांगितलंय की मोठ्या मोटरसायकलींच्या इंजिनाच्या कंपनांनी कॅमेरा बिघडू शकतो, आणि स्कूटरवर लावायचाच तर धक्का शोषणारं माउंट घ्या म्हणून. फोटो हलू नये म्हणून आतली लेन्स चुंबकांवर तोलून धरलेली असते, तिला आपले खड्डे सोसत नाहीत. ताईचा फोन सीटखालच्या डिकीत जातो, डब्याच्या शेजारी.

(दृश्य: अर्धवट बांधलेलं छोटं बाथरूम, दारातून)

शेवटी निर्णय झाला तो या चार बाय सहाच्या बाथरूममध्ये. टाइल्सची उतरण चुकली होती, आणि तिन्ही भिंती एका फोटोत हव्या होत्या. मागे सरकायला जागा नाही, मागे पाइपांचा डक्ट आहे. जुन्या फोनमध्ये वाइड कॅमेरा होता म्हणून आलं सगळं एका फोटोत. वनप्लस १३ एसमध्ये मागे दोनच कॅमेरे, एक साधा, एक झूमचा. वाइड नाही. प्रोसेसर त्याचा तगडा, पण ताई गेम खेळत नाही, ती कॉन्ट्रॅक्टरशी खेळते. व्हिवोत वाइड आहे, ८ मेगापिक्सेलचा का होईना. दीड महिन्याचं भांडण त्या बाथरूमच्या दारात मिटलं, मी स्पेसिफिकेशनचा एक अख्खा तक्ता बनवला होता, तो तसाच राहिला.

(दृश्य: मंडई मेट्रो स्टेशनचा जिना, मग तापकीर गल्ली, रविवार)

फोन घेतला, आणि दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "कव्हर कुठाय?" मंडईला उतरून तापकीर गल्लीत गेलो. पाच फूट रुंदीचं दुकान, वरपासून खालपर्यंत कव्हरं टांगलेली, पोरगा मान वर न करता विचारतो, "मॉडेल?" ताई म्हणाली, "एकदम पातळ दाखव." त्यानं पातळ दाखवलं, आणि त्याच्या शेजारी जाड दाखवलं, आणि जाडं काउंटरवर आपटून दाखवलं. "साइटवर असता का मॅडम?" बुटांकडे बघून त्याला कळलं असणार. आई म्हणाली, "हेच दे." वरून टेम्पर्ड ग्लास. फुंकर, पुसणी, स्टिकरनं धूळ उचलली, काच सोडली, बुडबुडे नाहीत. चार मिनिटं. कंपनीनं कड किती गोल घासली, मागची काच मॅट ठेवली की चकचकीत, रंग कोणता, हे सगळं त्या चार मिनिटांत रबरात गेलं.

घरी आल्या आल्या ताईनं फोन काट्यावर ठेवला. २२४. मग व्हर्नियर आणलं. रुंदी ७५.४.

कोणी काही बोललं नाही. तिनं तो १८६ चा पुठ्ठा आणला, एका हातात तो, एका हातात फोन, असं थोडा वेळ बघत बसली. मग कव्हर सोलून ओट्यावर टाकलं, फोन तसाच घेऊन झोपायला गेली.

मी कॅमेरा आवरत होतो म्हणून मला दिसलं. साडेअकराला आई उठली, पाणी प्यायली, ओट्यावरचं कव्हर फडक्यानं पुसलं आणि ताईच्या खोलीत गेली. सकाळी ताई निघाली तेव्हा फोन कव्हरात होता, आणि डिकीत डब्याच्या शेजारी ठेवताना तिनं आईकडे नुसतं बघितलं.