आधी ऐका, मग ‘आ’ करायला सांगा

पेशंट तुमच्याशी दोन वाक्यं बोलला की मऊ टाळूची, म्हणजे टाळूच्या मागच्या हलत्या भागाची, निम्मी तपासणी झालेली असते. आवाज गेंगाणा आहे का? पाणी पिताना नाकातून येतं का? एवढं कळल्याशिवाय टॉर्चला हात लावू नका, असं मी विद्यार्थ्यांना सांगते.

मऊ टाळूत स्नायूंच्या पाच जोड्या आहेत. त्यातला टेन्सर मला फार आवडतो. कवटीच्या तळाकडून तो खाली येतो आणि विहिरीच्या कप्पीवरून दोर वळावा तसा हाडाच्या एका बारीक आकड्यावरून वळून आडवा टाळूत शिरतो. तो टाळू ताणतो आणि कानाची युस्टेशियन नळी उघडतो. विमान उतरताना आवंढा गिळला की कान मोकळा होतो तो यामुळेच. त्याला ट्रायजेमिनल या मज्जातंतूची फांदी मिळते. बाकी चारही व्हेगस या दुसऱ्या मज्जातंतूचे. त्यातला लिव्हेटर टाळू वर उचलून नाकाची वाट बंद करतो, आणि आपली तपासणी मुख्यतः त्याचीच असते.

पेशंटला ‘बाबा, बाजूला बसा’ म्हणायला सांगा. एकदा नाक मोकळं ठेवून, एकदा चिमटीत धरून. या वाक्यात एकही अनुनासिक नाही, त्यामुळे टाळू नीट मिटत असेल तर दोन्ही वेळा आवाज सारखाच येतो. बदलला, तर हवा नाकातून निसटते आहे. ‘मामा’चं उलट: तिथे नाक धरल्यावर आवाज बदललाच पाहिजे.

मग तोंडात बघा. ‘आ’ म्हणताना टाळूच्या दोन्ही कमानी सारख्या उचलल्या जातात का? उजवी व्हेगस दुबळी असेल तर उजवी कमान खालीच राहते आणि पडजीभ डावीकडे, म्हणजे चांगल्या बाजूला ओढली जाते. पण नुसती पडजीभ पाहून निदान करू नका. निरोगी माणसातही ती वाकडी असू शकते. शिवाय दोन्ही बाजू लुळ्या असतील तर ती मधोमधच राहते, आणि नेमका हाच पेशंट नजरेतून सुटतो. घटसर्पातून उठलेलं मूल काही आठवड्यांनी असं येतं: घसा बरा, पण दूध नाकातून. मायस्थेनियात, म्हणजे वापरता वापरता स्नायू थकत जाण्याच्या आजारात, सुरुवातीला आवाज स्वच्छ असतो, म्हणून मोठ्याने पन्नासपर्यंत आकडे म्हणायला लावा. बोलता बोलता तो नाकात जायला लागतो.

घशाला स्पर्श झाल्यावर उमासा येतो, त्या प्रतिक्षेपावर (गॅग रिफ्लेक्सवर) फार विसंबू नका. संवेदना ग्लॉसोफॅरिंजियल मज्जातंतूची, हालचाल व्हेगसची, हे खरं. पण कित्येक निरोगी माणसांना उमासा येतच नाही. आणि तो आला म्हणजे गिळणं सुरक्षित आहे, असंही नाही.

लहान मुलांत आणखी एक गोष्ट. पडजीभ दुभंगलेली दिसली तर कडक टाळूच्या मागच्या कडेवरून हातमोजा घातलेलं बोट फिरवा. मधोमध खाच लागली, तर वरून अखंड दिसणाऱ्या श्लेष्मल त्वचेखाली टाळू फाटलेला आहे. अशा मुलाचे ॲडेनॉइड, म्हणजे नाकामागची टॉन्सिलसारखी गाठ, काढताना फार विचार करावा लागतो. आखूड टाळूला मागे टेकायला तोच आधार असतो; तो गेला की कालपर्यंत बरं बोलणारं मूल गेंगाणं बोलू लागतं. म्हणून ॲडेनॉइडच्या ऑपरेशनला मूल आलं, की आधी टाळू बोटाने तपासा.