गुरुवारची मीटिंग

गुरुवार, सकाळचे साडेदहा. पुण्यात राहणाऱ्याला गुरुवार म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, मेंटेनन्सचा वार, कुठल्या ना कुठल्या भागात लाईट बंद असतेच. हा धायरीतला फ्लॅट बघा, पंखा थांबलाय, राऊटरचे दिवे गेलेत, आणि आमचा डेव्हलपर फोनचा हॉटस्पॉट लावून बाल्कनीत बसलाय कारण आत रेंज येत नाही. तिकडे चिंचवडला एकीचा इन्व्हर्टर चालू आहे पण बिल्डिंगमधला नेटवाल्याचा बॉक्स बंद, म्हणजे इन्व्हर्टर असून उपयोग शून्य. आणि ही भोर तालुक्यातल्या गावात गच्चीवर बसलेली आमची टेस्टर, तिच्याकडे तर बाकीचे सहा दिवस पण गुरुवारच असतो.

आम्ही नऊ जण. छोट्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंट आणि बिलाचं सॉफ्टवेअर बनवतो. हिंजवडीत रोज जाऊन यायचं म्हटलं तर दिवसाचे तीन तास रस्त्यावर जातात म्हणून ऑफिस सोडलं, घरून काम सुरू केलं, आणि ऑनलाइन मीटिंगसाठी कुठलं सॉफ्टवेअर वापरायचं याचा विचार खरं सांगायचं तर कोणीच केला नाही, एकाने लिंक पाठवली ती पुढे सगळ्यांची सवय झाली.

मग त्रेपन्नचं प्रकरण झालं.

सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येक चुकीला, म्हणजे बगला, आम्ही नंबर देतो. भोरहून ती टेस्टर कॉलवर म्हणाली, बग नंबर एकशे त्रेपन्न तपासला, बंद करा. धायरीत ऐकू आलं एकशे त्रेसष्ट. मधलं अर्धं अक्षर नेटने खाल्लं. त्रेसष्टवाला बग बिलाच्या बेरजेचा होता, तो न सुधारताच बंद झाला, आणि दोन दिवसांनी एका दवाखान्यातून फोन आला की पेशंटला चुकीची रक्कम गेलीय. त्या दिवशी आम्ही ठरवलं की आता मीटिंगचं सॉफ्टवेअर नीट बसून निवडायचं.

नेटवर शोधलं की तक्ते मिळतात, किती माणसं मावतात, बॅकग्राऊंड धूसर होतं का, हात वर करायचं बटण आहे का. पण आमचा प्रश्न एकच होता. भोरच्या गच्चीवरून बोललेला आकडा धायरीच्या बाल्कनीत तोच ऐकू येतो का?

आता आवाज तुटतो तो का, हे समजून घ्यायला पाहिजे, कारण आम्हालाही आधी वाटायचं की स्पीड वाढवली की झालं. आपला आवाज छोट्या छोट्या पुड्या करून पाठवला जातो, एका पुडीत साधारण 20 मिलिसेकंदांचं बोलणं. ईमेलची पुडी हरवली तर ती परत मागवली जाते, पण बोलताना परत मागवायला वेळ नसतो, म्हणून हरवली ती बहुतेक वेळा हरवलीच. समोरचं सॉफ्टवेअर ती जागा अंदाजाने भरतं, आणि पुड्या पुढेमागे आल्या तर थोडं थांबून रांग लावतं. फार थांबलं तर दोघं एकाच वेळी बोलायला लागतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असला तर संभाषण नीट चालतं असं धरलंय. म्हणजे मेगाबिट कितीही असू देत, पुड्या हरवत असतील किंवा उशिरा येत असतील तर त्रेपन्नचं त्रेसष्ट होणारच.

यात एक चांगली गोष्ट आहे. आवाजाला नेट फार कमी लागतं. ओपस नावाचा जो कोडेक, म्हणजे आवाज दाबून छोटा करायची पद्धत, यातली बरीच सॉफ्टवेअरं वापरतात, 2012 मध्ये त्याचं स्टँडर्ड झालं, तो अगदी सेकंदाला 6 किलोबिटपर्यंत खाली उतरू शकतो. 64 किलोबिट धरलं तरी तासाला एका बाजूचे 29 एमबी होतात. तेच व्हिडिओ दीड मेगाबिटने चालला तर तासाला 675 एमबी, आणि दिवसाला दीड जीबीचं रिचार्ज असलेल्या माणसाचा जवळजवळ निम्मा डेटा एका तासाच्या मीटिंगमध्ये संपला. म्हणून आम्ही पहिला नियम केला, कॅमेऱ्याची सक्ती नाही. यावर आमच्यात वाद झाला, चेहरे दिसले पाहिजेत असं काहींचं म्हणणं, ते चूक नाही, पण माणूस दिसतोय आणि ऐकू येत नाही याला मीटिंग म्हणता येत नाही.

मग परीक्षा. वार गुरुवार, मुद्दाम. वीस आकड्यांची यादी केली, एकमेकांसारखे वाटणारे, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, अठ्ठावीस, अठ्ठावन्न, त्रेपन्न, त्रेसष्ट. भोरची मुलगी यादी उलटसुलट क्रमाने वाचणार, बाकीच्यांनी ऐकू येईल ते कागदावर लिहायचं, विचारायचं नाही, परत म्हण म्हणायचं नाही. झूम, गूगल मीट, टीम्स आणि जित्सी, चारही त्याच सकाळी, त्याच फोनवर. कुठे किती आकडे चुकले ते इथे सांगत नाही, कारण तो आमच्या नेटचा, आमच्या गच्चीचा निकाल आहे, तुमच्या घरी वेगळा येईल. एवढं मात्र दिसलं की चारहीमध्ये सगळ्यांनी कॅमेरे बंद केले की चुका कमी झाल्या. कारण नऊ जणांच्या कॉलमध्ये आपला फोन आपला एक व्हिडिओ मधल्या सर्व्हरला पाठवतो आणि सर्व्हरकडून बाकी आठ जणांचे त्याच्याकडे येतात, ते सगळे त्याच बारीक नळीतून.

पैशांचं पटकन सांगतो. फुकटात झूमवर ग्रुप मीटिंग 40 मिनिटं, मीट आणि टीम्सवर 60, तिन्हीकडे 100 माणसं. नऊ जणांना माणसांची मर्यादा लागत नाही, वेळेची लागते. झूममध्ये पैसे होस्टच्या, म्हणजे मीटिंग बोलावणाऱ्याच्या, लायसन्सचे, नुसतं जॉईन होणाऱ्याचे नाहीत. आणि तुमचं ऑफिसचं ईमेल आधीच गूगलकडे असेल तर मीट त्यातच येतं, फक्त सगळ्यात खालच्या प्लॅनमध्ये रेकॉर्डिंग नाही, हे घ्यायच्या आधी बघा.

सुरक्षेचं मात्र घाईत उरकता येणार नाही. आमच्या स्क्रीनवर पेशंटची नावं असतात, कोणाला काय झालंय ते असतं. 16 एप्रिल 2020 ला आपल्या गृह मंत्रालयाने झूमबद्दल सूचना काढली होती, पासवर्ड ठेवा, वेटिंग रूम लावा, सगळे आले की मीटिंग लॉक करा. तेव्हा झूम एंड-टू-एंड एनक्रिप्शन, म्हणजे बोलणं फक्त बोलणाऱ्या-ऐकणाऱ्यांकडे उघडेल, मधल्या सर्व्हरला कळणार नाही असं कुलूप, आहे म्हणत होतं त्यावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आक्षेप घेतला, नोव्हेंबरमध्ये तडजोड झाली, आणि त्याच्या आदल्याच महिन्यात झूमने खरं एंड-टू-एंड द्यायला सुरुवात केली होती. पण ते चालू केलं की क्लाऊड रेकॉर्डिंग बंद होतं, साध्या फोनवरून डायल करून येता येत नाही. साहजिक आहे, मधल्या सर्व्हरला ऐकूच येत नसेल तर तो रेकॉर्ड काय करणार.

म्हणून आम्ही दोन भाग केले. रोजची सकाळची मीटिंग मीटवर, कारण ईमेल तिथे होतंच. आणि पेशंटचा डेटा दाखवायचा असेल तेव्हा जित्सी, ते ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, स्वतःच्या सर्व्हरवर टाकता येतं, आम्ही मुंबईतला भाड्याचा सर्व्हर घेतला. त्यात आवाज-चित्राचं कुलूप सर्व्हरवर उघडतं हे खरं, पण तो सर्व्हर आमच्या ताब्यात आहे, अपडेट टाकायची जबाबदारीही आमचीच, ती दर शनिवारी एकाकडे.

अजून एक, नोंदी आणि रेकॉर्डिंग आम्ही आमच्याकडे उतरवून ठेवतो. 2003 पासून चालू असलेलं स्काईप 5 मे 2025 ला बंद झालं, तेव्हा हे शिकलो.

आणि बग नंबर आता नुसता बोलायचा नाही, बोलता बोलता चॅटमध्ये टाकायचा. सॉफ्टवेअर कुठलंही असो.

पुढचा गुरुवार. धायरीत लाईट गेलीय, तो बाल्कनीत. भोरला गच्चीवर वारा सुटलाय, तिने इअरफोनचा माईक ओढणीत धरलाय. कॅमेरे बंद. ती म्हणते, एकशे त्रेपन्न. हा कागदावर लिहितो, एक, पाच, तीन.