उपाशी पिल्लाला आधी ऊब, मग घास

नमस्कार मंडळी! कॉकाटेल, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा परदेशी पोपट, त्याच्यावरचा मागचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न येतोय. "ताई, पिल्लू आणलंय, अगदी काडी झालंय, काय भरवू?" कुणी बाजरी विचारतं, कुणी अंडं, कुणी दूध-पोळी. सगळ्यांना आज एकदमच उत्तर देते.

पिल्लू खंगलंय हे कसं ओळखायचं ते भरभर सांगते. छातीवरून बोट फिरवा. मधलं उभं हाड बोटाला टोचलं आणि दोन्ही बाजूंना मांस लागलंच नाही, तर पोषण कमी पडलंय. विष्ठा थोडीशी, गडद हिरवी. पिसं फुगवून कोपऱ्यात बसणं. आणि वजन! एकेक ग्रॅम दाखवणारा किचनचा काटा आणा, रोज सकाळी पहिल्या घासाआधी वजन करा आणि लिहून ठेवा. मोठं कॉकाटेल साधारण ८० ते १०० ग्रॅमचं असतं. दाण्यांच्या वाटीकडे बघून अंदाज बांधू नका. पिल्लू दाणा उचलतं, चोचीत घोळवतं आणि टाकून देतं. आपल्याला वाटतं, जेवतंय! "स्वतः खातं हो" असं सांगून पाच आठवड्यांची पिल्लं विकतात, याचा मला खरंच संताप येतो. कॉकाटेल नीट स्वतःचं स्वतः खायला लागेपर्यंत सात ते दहा आठवडे जातात. तोवर त्याला भरवावंच लागतं.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ आहे ते. उपाशी पिल्लू हातात आलं की पहिलं काम भरवणं नाही. पहिलं काम ऊब.

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंच्या नातवाने असंच पिल्लू आणलं होतं. पाय गार, डोळे मिटलेले. काकू दुधात पोळी कुस्करून तयार! मी पिल्लू आधी खोक्यात ठेवलं, तर काकू कळवळल्या, "अगं, भुकेलं लेकरू ते, आणि तू त्याला नुसतं बसवून ठेवतेस?" त्यांची माया अगदी खरी होती. पण गारठलेल्या पिल्लाचं पचन जवळजवळ थांबलेलं असतं. पक्ष्याच्या गळ्याखाली अन्नाची पिशवी असते, पाळणारे तिला क्रॉप म्हणतात. अंग गार असताना त्यात घातलेलं अन्न पुढे सरकत नाही, तिथेच आंबतं, त्यात बुरशी आणि जंतू वाढतात. म्हणजे पिल्लू भरल्या क्रॉपनिशी उपाशी मरतं. काकूंकडचं पिल्लू पाय कोमट झाल्यावर आपणहून मान वर करून ओरडायला लागलं. तेव्हा भरवलं.

ऊब द्यायची कशी? पुठ्ठ्याचं खोकं, खाली सुती फडकं. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे उकडलं तर पिल्लाला सरकता येईल. पिसं फुटत असलेल्या पिल्लाला ३० ते ३२ अंश सेल्सिअस लागतं. थर्मामीटर आत ठेवा, हाताच्या अंदाजावर जाऊ नका. चोच उघडून धापा टाकतंय, पंख अंगापासून लांब धरलेत, तर जास्त झालं, बाटली काढा.

हीच गोष्ट अन्नालाही लागू. पिल्लांना हाताने भरवण्यासाठी पाण्यात कालवायची हँडफीडिंगची पावडर मिळते, तीच वापरा. तयार केलेलं मिश्रण ३९ ते ४० अंशांवर असलं पाहिजे. गार झालं की पिल्लू नाकारतं आणि क्रॉप मंदावतो. ४३ च्या वर गेलं तर क्रॉप आतून भाजतो. मायक्रोवेव्ह नको, त्यात मधेच एखादा भाग चटका देणारा राहतो. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, ढवळा, मोजा. उरलेलं टाकून द्या, पुन्हा गरम करू नका. आणि दूध नको म्हणजे नको! पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. "आमच्या आजोबांनी दूध-पोळीवर वाढवला" अशा कमेंट येतात. त्यांचा पक्षी जगला याचा आनंदच आहे, तरी तुम्ही देऊ नका.

खंगलेल्या पिल्लाला पहिला घास पातळ आणि थोडा. एरवी वजनाचा साधारण दहावा हिस्सा एका वेळी देतात, म्हणजे ६० ग्रॅमच्या पिल्लाला ६ मिली. सुरुवात त्याच्या निम्म्याने करा. क्रॉप बोटाने हलकेच चाचपा, तो खाली उतरल्यावर पुढचं. रात्री एकदा तो पूर्ण रिकामा व्हायलाच हवा.

सिरिंज चोचीत खुपसून पिचकारी मारणारे व्हिडिओ फिरतायत, ते बघून काही करू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. ऊब मिळालेलं पिल्लू मान वरखाली करत घास मागतं, त्या वेळी गिळताना ती वाट बंद राहते. पिल्लाच्या डाव्या बाजूने, उजवीकडे रोख ठेवून, त्याच्या वेगाने द्या. मागतच नसेल तर ते अजून गारठलेलं आहे किंवा आजारी आहे. जबरदस्ती केलीत तर अन्न फुप्फुसात जातं.

काही जण लिहितात, "ताई, आमच्याकडे हिरव्या पोपटाचं पिल्लू आहे." आपला देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. झाडावरून पडलेलं सापडलं तरी खोकं आणि ऊब द्या, काही भरवू नका, आणि महाराष्ट्रात असाल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

रात्रभरात क्रॉप रिकामा झाला नाही, श्वास घेताना शेपूट वरखाली होतेय, उलटी होतेय किंवा ऊब देऊनही पिल्लू मागत नाही, तर घरगुती उपाय थांबवा. पक्ष्यांवर उपचार करणारे डॉक्टर शोधा, फोन करून विचारूनच जा, कारण सगळे प्राण्यांचे डॉक्टर पक्षी बघत नाहीत. वजनाची वही न्या, विष्ठा पडलेला कागद न्या, आणि रिक्षातसुद्धा खोक्यात ती गरम पाण्याची बाटली असू द्या.