एकाच गच्चीवर वीज आणि आंघोळीचं पाणी

नमस्कार, श्रोतेहो.

एप्रिलच्या दुपारी अकोल्याकडे गच्चीवरच्या सोलर पॅनेलला हात लागला तर चटका बसतो. ऊन कडक म्हणजे वीज भरपूर, असं आपण धरून चालतो. पण पॅनेलवर लिहिलेले वॉट २५ अंशांना मोजलेले असतात. त्यापुढे दर अंशामागे वीज ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. पॅनेल ६५ अंशांवर गेलं की साधारण सातवा हिस्सा गेलाच.

आपल्याकडे चौरस मीटरभर जागेवर दिवसाला सरासरी पाच युनिटांच्या आसपास ऊन पडतं. त्यातलं जेमतेम एक युनिट वीज होते. बाकीची बहुतेक उष्णता वाऱ्यावर. आणि त्याच घरात सकाळी गिझर लावतात! शंभर लिटर पाणी २० वरून ४५ अंशांवर न्यायला जवळपास तीन युनिट लागतात. एक किलोवॉटचं पॅनेल दिवसाला चारेक युनिट देतं. त्यातली तीन आंघोळीतच संपावीत, हे मला अजिबात पटत नाही.

म्हणून पॅनेलच्या पाठीला नळ्या बसवून त्यांतून पाणी फिरवायचं. पाणी तापतं, पॅनेल निवतं. याला पीव्हीटी म्हणतात. कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठाने १९७३ साली ‘सोलर वन’ नावाचं घर उभारलं, त्यात छपरावरच्या पॅनेलमागून हवा खेळवून वीज आणि ऊब दोन्ही घेतली होती.

मात्र यात एक ओढाताण आहे. पाणी जितकं कढत हवं, तितकं पॅनेल तापलेलं ठेवावं लागतं आणि वीज कमी मिळते. त्यामुळे साध्या पीव्हीटीतून कोमट पाण्याची अपेक्षा ठेवावी. थंडीत वरची कसर गिझरने भरून काढावी लागेल, पण गार पाण्यापासून सुरुवात नसल्यामुळे तो थोडाच वेळ चालेल.

माझं स्पष्ट मत सांगतो. गच्ची मोठी असेल तर शंभर लिटरचा साधा सोलर हीटर घ्या. त्याला दोनेक चौरस मीटर जागा पुरते. उरलेल्या जागेत विजेची पॅनेल लावा. हे स्वस्त पडतं, दुरुस्तीला माणूसही मिळतो. पीव्हीटीचा विचार जागा अपुरी असेल तिथे करावा.

तो करताना बोअरच्या पाण्याची काळजी घ्या. क्षार नळ्यांत बसतात आणि नळ्या चोंदतात. पॅनेलमागे फिरणारं पाणी वेगळं, बंद फेऱ्यातलं असावं. त्याने टाकीतलं पाणी बाहेरून तापवावं. दुकानात नुसतं ‘हायब्रिड’ मागितलंत तर बॅटरीचा इन्व्हर्टर दाखवतील, तेव्हा पीव्हीटी असंच म्हणा. आणि जुन्या पॅनेलला मागाहून नळ्या चिकटवून घेऊ नका. हमी जाण्याची भीती असते. कारखान्यातून जोडून आलेलंच घ्या, विजेची आणि गळतीची हमी वेगवेगळी लेखी मागा.