गाडगेबाबांना फ्रीमाँटमध्ये पकडलं असतं का?

(मराठी मंडळाचा गुढीपाडवा मेळावा, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया, २०२५. संकेतस्थळासाठी थोडं संपादित केलेलं भाषण.)

नमस्कार मंडळी. श्रीखंड-पुरीनंतर भाषण ऐकायला बसलात, त्याबद्दल मनापासून आभार.

२३ फेब्रुवारीला, गाडगेबाबांच्या जयंतीला, आपल्या मराठी शाळेतल्या मुलांनी दशसूत्री म्हटली. भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, बेघरांना आसरा... खराटे घेऊन मुलं काय गोड दिसत होती! त्या रात्री जेवताना माझ्या आठवीतल्या मुलाने विचारलं, "आई, गाडगेबाबा आत्ता फ्रीमाँटमध्ये असते तर पोलिसांनी त्यांना पकडलं असतं ना?"

तुम्ही हसलात, पण तो गंमत करत नव्हता. त्याच महिन्यात आपल्या सिटी कौन्सिलने रस्ते, बागा अशा सार्वजनिक जागी मुक्काम ठोकण्यावर बंदी घातली होती. हजार डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद. शिवाय अशा मुक्कामाला साहाय्य करणाऱ्यालाही दोषी धरणारे शब्द त्यात होते. मुलाच्या वर्गात तेव्हा बेघरपणावर प्रकल्प चालू होता. मोजे, टूथब्रश, रेनकोट पिशव्यांत भरायचं काम जोरात होतं. मुलांचा प्रश्न सरळ होता : मोजे दिले तर आम्हीही गुन्हेगार का? पुढे बराच गदारोळ झाला आणि मार्चमध्ये कौन्सिलने साहाय्याबद्दलचे शब्द काढून टाकले. बंदी मात्र राहिली. म्हणजे बाबांना भाकरी देणारा आता निर्धास्त आहे. कुठेही पथारी टाकणाऱ्या बाबांचं काही सांगता येत नाही.

त्या प्रश्नावरून आमच्या घरात वाद पेटला. मुलाचे बाबा म्हणाले, बागेत लहान मुलं खेळतात, तिथे नशेच्या सुया सापडतात, शहराने हातावर हात धरून बसायचं का? त्यांचं म्हणणं खोटं नाही. ही काळजी इथे बसलेल्या प्रत्येक आईला आहे, मलाही आहे. मुलगा एवढंच म्हणत राहिला, "मग त्यांनी जायचं कुठे, ते सांगा ना." जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ग्रँट्स पास या ओरेगनमधल्या शहराच्या खटल्यात निकाल दिला, की निवाऱ्यात जागा नसली तरी उघड्यावर झोपणाऱ्याला शहर दंड करू शकतं. म्हणजे 'कुठे' याचं उत्तर शहराने दिलंच पाहिजे, असं आता राहिलेलं नाही. ते उत्तर आमच्या जेवणाच्या टेबलावरही सापडलं नाही.

मुलांनी वर्गात एक हिशेब मांडला होता, तो मला फार आवडला. कॅलिफोर्नियात २०२५ मध्ये किमान वेतन होतं तासाला साडेसोळा डॉलर. आठवड्याला चाळीस तास राबलं तर महिन्याला कर कापण्याआधी २,८६० डॉलर. त्याच्या शेजारी त्यांनी फ्रीमाँटमधल्या दोन बेडरूमच्या घरांच्या भाड्याच्या जाहिराती चिकटवल्या. भाडी तुम्हाला पाठ आहेत, मी आकडे सांगत नाही. दारू, ड्रग्ज, आळस अशी कारणं घरी ऐकून आलेली मुलं त्या तक्त्यापुढे गप्प झाली, असं त्यांच्या बाईंनी सांगितलं.

त्यांना आणखी एक गोष्ट कळली. जानेवारी २०२४ च्या एका रात्रीच्या सरकारी गणनेत देशभरात ७,७१,४८० माणसं बेघर आढळली. त्यांत मुलं होती सुमारे दीड लाख. पण २०२२-२३ या वर्षात शाळांनी नोंदवलेले बेघर विद्यार्थी १३ लाखांहून अधिक! एक फरक असा, की सरकारची मोजणी एका रात्रीची आणि शाळांची वर्षभराची. दुसरा महत्त्वाचा. घर गेल्यामुळे नातेवाइकांकडे किंवा मित्रांकडे दाटीवाटीने राहणाऱ्या मुलालाही १९८७ चा मॅकिनी-व्हेंटो कायदा बेघर मानतो. पत्त्याचा कागद नाही म्हणून शाळा त्याला नाकारू शकत नाही. त्याची जुनी शाळा सुटू नये म्हणून जाण्यायेण्याची सोय करावी लागते. प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे शाळांच्या विभागात, त्यासाठी एक माणूस नेमलेला असतो.

हे ऐकताना मला लालबागची आमची खोली आठवली. गिरण्यांच्या संपाच्या वर्षी काका-काकू आणि त्यांची मुलं आमच्याकडे आली. खाटेखाली, गॅलरीत, जिन्याच्या तोंडाशी अंथरुणं. इथल्या कायद्याच्या हिशेबाने माझी चुलत भावंडं बेघर होती. आम्हाला तसं कुणी म्हटलं नाही, कारण "या" म्हणणारं एक दार होतं. तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी असं कुणी ना कुणी होतं, ते हात वर न करताही मला दिसतंय.

आता थोडं रागावते. पिशव्या भरायला आपल्याकडे माणसं कमी पडत नाहीत. पण "स्वयंसेवेच्या तासांचं सर्टिफिकेट मिळेल ना?" हा प्रश्न मोजे मोजून व्हायच्या आत येतो. आणि त्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज फिरतो : आपल्या शाळेजवळ स्वस्त घरांची इमारत होतेय, विरोध नोंदवा, लिंक खाली आहे. थोडं वर गेलं की दशसूत्रीचे फोटो. मुलं दोन्ही वाचतात हो! आमच्या चिरंजीवांच्या वर्गाने पिशव्या दिल्यावर ठरवलं, की कौन्सिलच्या सभेत जाऊन बोलायचं. पिशवी आठवडाभर पुरते आणि घर कुठे बांधायचं ते तिथे ठरतं, हे त्यांचं त्यांना उमगलं. तिथे कुणालाही बोलता येतं. पुढच्या वेळी अशा घरांच्या बाजूने बोलायला मी जाणार आहे. विरोधात बोलायचं असेल त्यांनीही यावं, पण मुलांसमोर उभं राहून, नाव सांगून बोलावं.

एक गोष्ट मात्र मला सुटत नाहीये. गेल्या काही वर्षांतल्या ले-ऑफमध्ये आपल्यातल्या एका कुटुंबाने घर सोडलं आणि ओळखीच्यांच्या एका खोलीत दिवस काढले. नोकरी गेल्यापासून व्हिसाचे साठ दिवस (तेवढ्यात नवी नोकरी मिळाली नाही तर देश सोडायची वेळ) मोजणं चालूच. मुलगी त्या काळात दर रविवारी आपल्या मराठी शाळेत येत होती, नीट वेणी घालून. सगळं मार्गी लागल्यावर तिच्या आईने मला हे सांगितलं. आधी का नाही बोललीस, विचारलं तर म्हणाली, "मंडळात कळलं असतं ना, ताई."

सरकारी शाळेत अशा मुलांसाठी नेमलेला माणूस असतो. आपल्या शाळेत असं कुणी नेमावं का, आणि नेमलं तरी त्याच्याशी कुणी बोलेल का, हे मला ठरवता येत नाहीये. समितीच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. कुणाला काही सुचलं तर त्याआधी मला फोन करा.