आषाढाची भाजी फाल्गुनात

मंडळी, होळी परवाच झाली, पाडवा तोंडावर आलाय. या दिवसांत परसबागेचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आता काय काय लावू?" माझं म्हणणं असं, की त्याआधी आषाढाचा विचार करा. आषाढात तुमच्या घरी कुठली भाजी शिजणार आहे? ते ठरलं की फाल्गुनात काय लावायचं हे फारसं शोधावं लागत नाही.

आपल्याकडे, म्हणजे देशावर, बागेचे सुखाचे दिवस मार्गशीर्ष-पौषातले. मेथी, पालक, वाल, वांगी, टोमॅटो, जे लावाल ते येतं. विहिरीला पाणी असतं, हवा थंड असते, किडीचा जोर कमी असतो. ओढाताण होते ती ज्येष्ठ-आषाढात. उन्हाळी वेल दमलेले असतात, पावसाळी भेंडी-दोडक्याला अजून फूलही नसतं, आणि बाजारात भाजी कडाडलेली असते. बाग घराला वर्षभर पुरते की नाही, हे त्या दोन महिन्यांत कळतं. त्याची तयारी वसंतात करायची, आणि नेमकं तेव्हाच पाणी आटायला लागतं. म्हणून वसंतातली बाग हौसेने लावता येत नाही, हिशोबाने लावावी लागते.

स्वावलंबी बाग म्हणताना माझ्या मनात काय आहे तेही सांगते. ज्वारी, गहू, तेल, गूळ हे दोन गुंठ्यांच्या परसात पिकत नाही. पण भाजी, मिरची, हळद, लिंबू, कडीपत्ता, लसूण आणि या सगळ्याचं बी एवढं घरचं असू शकतं. आहारतज्ज्ञ माणशी रोज तीनशे ते चारशे ग्रॅम भाजी खा म्हणतात. पाच माणसांच्या घराला दीड ते दोन किलो झाली. दोन गुंठ्यांत ती वर्षातले बरेच महिने निघते. उन्हाळ्यात तेवढीच ताजी निघावी असा हट्ट मात्र धरू नका, कारण पाणी तेवढं नसतं.

आता पाण्याचं बघू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिलच्या उन्हात पूर्ण भरलेला भाजीचा वाफा दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पाणी सहज ओढतो, वारा असला तर जास्तच. एक गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर. दोन्ही गुंठे हिरवेगार ठेवायचे तर रोज हजार-बाराशे लिटर पाणी हवं. आणि घरात आंघोळीचं, भांड्यांचं, भाजी-तांदूळ धुतल्याचं मिळून दीडशे-दोनशे लिटर निघतं. या दोन आकड्यांकडे बघितलं की उन्हाळ्यात फार तर ३० ते ४० चौरस मीटर जागा जिवंत ठेवता येते, हे स्पष्ट होतं. तेवढीच निवडा. ती मोरीच्या उताराला, घराच्या पूर्वेला किंवा झाडाच्या विरळ सावलीत निवडा, म्हणजे दुपारनंतरचं ऊन टळतं. बाकीच्या जागेला विश्रांती द्या. सगळीकडे थोडंथोडं पाणी शिंपडून सगळंच अर्धमेलं ठेवणारी बाग बघितली की मला फार वाईट वाटतं. कष्ट पूर्ण होतात आणि ताटात काही येत नाही.

मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ लावायची आपल्या घरांची जुनी रीत अगदी योग्य आहे. अळू ते पाणी आवडीने पितं. भाजीच्या वाफ्याला मात्र साबणाचं पाणी देताना जपा. कपड्यांच्या पावडरीत सोडियम असतो. काळ्या मातीत तो साठत गेला की जमीन चोपण होते, म्हणजे वाळली की दगडासारखी आणि ओली झाली की चिकट, पाणी आत मुरतच नाही. मातीवर पांढुरकी साय दिसायला लागली की समजायचं. कपड्यांचं पाणी झाडांना, तेही जागा बदलत. आंघोळीचं पाणी वेलांना. तांदूळ-डाळ धुतल्याचं पाणी पालेभाजीला. अशी वाटणी केली की वर्षानुवर्षं माती बिघडत नाही. कोथिंबीर, पुदिना असं कच्चं खायचं जे असेल, त्याला स्वच्छच पाणी.

वेलांसाठी मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते मडकं. कुंभाराकडचं साधं, झिलई नसलेलं, आठ-दहा लिटरचं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचं, भरायचं, वर झाकण ठेवायचं. भोवती वीतभर अंतरावर दोडक्याच्या किंवा भोपळ्याच्या तीन-चार बिया. माती सुकेल तसं मडकं पाझरतं, ओली असेल तर थांबतं. दोन-तीन दिवसांनी एकदा भरलं की पुरतं. उन्हाळ्यात हाताने उकरून बघा, बारीक पांढऱ्या मुळ्यांची जाळी मडक्याला चिकटलेली दिसते. जुनं मडकं घेऊ नका, त्याची छिद्रं क्षाराने बुजलेली असतात.

आणि आच्छादन. आंबा, पिंपळ, साग यांची पानगळ याच दिवसांत होते आणि गावोगाव ढीग करून ती पेटवली जाते. जो पाचोळा आपल्या वाफ्याचं बरंच पाणी वाचवू शकतो, त्याचा धूर झालेला बघवत नाही. चार बोटं जाडीचा थर द्या, फक्त खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा, कारण कोरड्या पाचोळ्यात उधई येते आणि खोडाला टेकलेला पाचोळा तिला जिनाच ठरतो. विश्रांती दिलेल्या जागेतही जिथे हरळी नि लव्हाळा असेल तिथे आच्छादन नको. तिथली माती आत्ता खणून उलटीपालटी करा आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात तापू द्या. लव्हाळ्याच्या गाठी वर येऊन वाळल्या तरच मरतात. पावसात खुरपून त्या जात नाहीत, वाढतात.

आता लावायचं काय? गवार, भेंडी, चवळी, तांदुळजा, काकडी, दोडका, लाल भोपळा. गवार तर उन्हाचीच आहे, कमी पाण्यात येते. भेंडीची २५-३० झाडं पाच माणसांच्या घराला दिवसाआड पाव किलो देतात, त्याहून जास्त लावून पाणी वाटून टाकू नका. टोमॅटो आत्ता लावू नका. पारा ३५ च्या वर गेला आणि रात्रीही उतरेना की टोमॅटोचं फूल धरत नाही, गळतं. झाड दिसायला डौलदार राहतं आणि पाणी पीत राहतं, एवढंच. कोथिंबीर हवीच असेल तर जुन्या सुती साडीच्या सावलीत, थोडीथोडी, दर पंधरवड्याला टाका.

किडींबद्दल फार बोलत नाही, दोनच गोष्टी सांगते. उन्हाळ्यात पांढरी माशी वाढते आणि भेंडीवर हळद्या आणते. पानाच्या शिरा पिवळ्या पडल्या की ते झाड त्याच दिवशी उपटायचं, दया दाखवायची नाही. त्या झाडाला औषध नाही आणि माशी तिथून शेजारच्या झाडावर जाते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं परभणी क्रांती हे वाण या रोगाला दाद न देणारं म्हणून आलं. आता काही ठिकाणी तेही बळी पडतं, तरी घरच्या बागेला मी तेच सुचवते, कारण ते सरळ वाण आहे, म्हणजे संकरित नाही. त्याचं बी धरता येतं. दुसरी गोष्ट लाल कोळ्याची. वांग्याच्या आणि भेंडीच्या पानामागे बारीक जाळी दिसली की सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा मारा. धूळ आणि कोरडेपणा हेच त्याचं बळ.

गारपिटीपुढे मात्र इलाज तोकडे पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात महाराष्ट्रात झालेली गारपीट इथल्या प्रत्येकाला आठवत असेल. म्हणून सगळं बी एकाच दिवशी टाकू नका. पंधरा दिवसांच्या अंतराने दोन हप्ते करा, म्हणजे एक गेला तरी दुसरा हाती राहतो.

आता मला ज्याच्यासाठी आज इथे यायचं होतं तो भाग. बाग भाजी देते, पण दर मोसमाला बियांचं पाकीट दुकानातून आणावं लागत असेल तर तिला स्वावलंबी कसं म्हणायचं? संकरित बी धरून पुढच्या वर्षी लावलं की झाडं एकसारखी निघत नाहीत, कुठलं आजीवर जातं, कुठलं आजोबांवर. म्हणून घरच्या बागेत गावरान किंवा सरळ वाणच हवं, आणि बी धरायची वेळ हीच आहे. थंडीतला वाल, पावटा, घेवडा आत्ता वेलावर वाळतोय. शेंगा तोडायचा मोह आवरून चांगल्या, निरोगी वेलाच्या मधल्या शेंगा राखून ठेवा. वांगं बियांसाठी पिवळं पडेपर्यंत झाडावर राहू द्या. टोमॅटोचा गर दोन दिवस भांड्यात आंबवा, मग धुऊन बी सावलीत वाळवा.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्हाला माहीत आहे. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी गावोगावची देशी वाणं गोळा करून मातीच्या भांड्यांत, राखेत सांभाळली, आणि २०२० सालच्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. त्यांच्याबद्दल बोलताना आपण नुसतं कौतुक करून थांबतो. आपल्या प्रत्येकीच्या माळ्यावर असा एक गाडगाभर ठेवा असू शकतो, हे मनावर घेत नाही.

मघाशी एका ताईंनी विचारलं, की दोडक्याचं बी धरलं तर पुढच्या वर्षी दोडका कडू निघाला, असं का? वेलभाज्यांमध्ये पराग दुसरीकडून येतो. शेजारच्या परसात किंवा कुंपणावर कडू रानदोडका असेल तर मधमाशी तिथला पराग इथे आणते. उपाय हाताने करता येतो. दोडक्याचं आणि दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. भोपळा, काकडी, घोसाळं सकाळी. दोडक्याचं म्हणाल तर चारच्या सुमारास वेलाजवळ जा. ज्या कळीच्या मागे इवलासा दोडका आहे ती मादी. उद्या-परवा उमलणारी नव्हे, आज पिवळी टोकं दाखवणारी कळी हेरा. तिच्या टोकाला सैलसर दोरा बांधा, आणि त्याच वाणाच्या दुसऱ्या वेलावरच्या दोन नर कळ्यांनाही. उमलायच्या वेळी नर फूल तोडा, पाकळ्या मागे सारा, मादी फुलाचा दोरा सोडून परागाचा दांडा तिच्या मधल्या भागावर हलकेच फिरवा. मग मादी फूल पुन्हा बांधून टाका आणि देठाला रंगीत चिंधी लावा. चिंधीचा दोडका कुणी भाजीला तोडायचा नाही, असं घरात बजावून ठेवा. तो वेलावरच वाळू द्यायचा, हलवल्यावर आत बी खुळखुळेपर्यंत. शक्य असेल तर दोन-तीन वेगवेगळ्या वेलांवर असं करा, एकाच वेलाचं बी वर्षानुवर्षं धरलं की वाण कमजोर होत जातं.

बी साठवताना ओलावा हा शत्रू. बियातला ओलावा जरा कमी झाला की तिचं आयुष्य कितीतरी वाढतं. कोवळ्या उन्हात वाळवा, दाताखाली कट्‌कन तुटली पाहिजे. मग शेणाच्या गोवरीच्या चाळलेल्या राखेत मिसळून गाडग्यात भरा, तोंडाला फडकं बांधून शेणमातीने लिंपा. वर वाणाचं नाव आणि साल लिहा. कितीही लक्षात राहील असं वाटलं तरी लिहा.

उरला आषाढ. त्याची बेगमी तीन ठिकाणी असते. पहिली कांदा-लसूण. रब्बीचा गरवा, म्हणजे उशिरा तयार होणारा, कांदा टिकतो, पावसाळी लाल कांदा टिकत नाही. माना पडायला लागण्याआधीच पाणी तोडलेलं हवं. काढल्यावर पातीसकट तीन-चार दिवस शेतात, मग दहा-बारा दिवस सावलीत सुकवा आणि हवेशीर पसरा. दुसरी लाल भोपळा. आता लावलेला वटपौर्णिमेच्या आसपास काढायला येतो. देठ चांगला चार बोटं ठेवून कापा, एकमेकांना टेकू न देता गवतावर मांडा, पार गणपतीपर्यंत राहतो. तिसरी वाळवण: गवारीच्या शेंगा, कारल्याच्या चकत्या, सांडगी मिरची, कोहळ्याचे सांडगे. चैत्र-वैशाखाचं जे ऊन बागेला जाळतं त्याच उन्हात हे सगळं तीन दिवसांत कडक होतं. शेवग्याच्या शेंगा संपल्या की झाड छाटा, पहिल्या पावसात येणारा कोवळा पाला आषाढात आठवड्यातून दोनदा तरी ताटात येतो.

अक्षय तृतीयेला आळी करून बी घालायची आपल्याकडे चाल आहे. तोवर हळद, सुरण यांचे कंदही डोळे धरतात. म्हणजे हातात साधारण दीड महिना आहे. एवढ्या अवधीत मडकी पुरून होतात, पाचोळा गोळा होतो, चिंध्या बांधून होतात.

व्यासपीठाशेजारच्या टेबलावर मी गावरान दोडका, तांदुळजा, चवळी आणि परभणी क्रांतीचं बी ठेवलंय. मूठभर घेऊन जा. पुढच्या पाडव्याला दोन मुठी परत आणायच्या, तुमच्या बागेतल्या. वहीत नाव आणि वाण लिहायला विसरू नका, वही तिथेच आहे.